एका गोळीमागून दुसरी गोळी

सुदामानगर, इंदूर येथून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने पत्राचा सारांश त्यांच्याच शब्दांत तेवढा देत आहे.

"माझे वय ६६ आहे. नऊ वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि रात्री एम्लोडिपिन ५, असे सुरळीत चालले होते. जानेवारीत बीपी १५८/९२ आले, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी एम्लोडिपिन ५ ची १० केली. फेब्रुवारी संपता संपता संध्याकाळी घोटे सुजू लागले आणि सॅण्डलचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेनासा झाला. नेहमीचे डॉक्टर पलासियाला बसतात, तेवढे लांब कोण जाणार, म्हणून कॉलनीतल्या दवाखान्यात दाखवले. तिथे टॉरसेमाइड १० ही लघवीची गोळी मिळाली. ती मी रात्रीच्या जेवणानंतर घेते. सूज आहे तशीच आहे. वर रात्री चार-चार वेळा उठावे लागते आणि पोटऱ्यांत गोळे येतात. मागच्या आठवड्यात तर न्हाणीघराच्या दाराशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंत धरून खालीच बसले. घाबरून सगळ्या गोळ्या बंद केल्या. तीन दिवस बीपी १२८/७८ च्या आसपासच राहिले, तेव्हा वाटले की आता गोळ्या नकोतच. मुलगा फोनवर रागावला म्हणून पुन्हा सुरू केल्या आहेत. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक घेते. जाऊबाईंनी बीपीचे एक चूर्ण आणून दिले आहे. त्याचे दुष्परिणाम नसतात म्हणे. डॉक्टरांना हे सगळे सांगायला संकोच वाटतो. त्रास सहन करावा की गोळ्या बंद कराव्यात? आणि तोपर्यंत एक माप मोठी सॅण्डल घेऊन टाकावी काय?"

ताई, सप्रेम नमस्कार.

सॅण्डलचे शेवटी बघू. आधी जे या आठवड्यात व्हायला हवे ते सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिली आहे, ती म्हणजे गुडघ्यांची डायक्लोफिनॅक. ही गोळी तुम्हाला कोणी लिहून दिलेली दिसत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली असावी. ती आजच थांबवा. अशा वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि पायांची सूजही वाढते. त्याहून काळजीची बाब ही की टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक ही तिन्ही औषधे एकाच वेळी पोटात असली, की मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा दाब तीन वेगवेगळ्या वाटांनी कमी होतो आणि ती अचानक मंदावू शकतात. इंदूरच्या मे महिन्यात, जेव्हा घामावाटे पाणी जातच असते, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालेल का, आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. दुकानातला मुलगा आयब्युप्रोफेन पुढे करील; तीही त्याच जातीची आहे.

दुसरे काम म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आज-उद्या फोन करून टॉरसेमाइडविषयी आणि चक्कर येण्याविषयी सांगा. ही गोळी आपल्या रुग्णाच्या पोटात जाते आहे याची त्यांना बहुधा कल्पनाही नसेल. ती पुढे घ्यायची की थांबवायची ते त्यांनी ठरवावे. घ्यायचीच ठरली तर वेळ सकाळची असते, रात्रीच्या जेवणानंतरची नव्हे. सोबत रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते), सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या. पोटऱ्यांतले गोळे आणि अशक्तपणा यांचा उलगडा पुष्कळदा याच तीन आकड्यांत होतो, कारण टॉरसेमाइड लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियम हे क्षारही काढून नेते.

काही लक्षणे मात्र फोनची वाट पाहण्यासारखी नसतात. सूज एकाच पायाला असून पोटरी दुखत व गरम लागत असेल, चालताना किंवा आडवे पडल्यावर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, बोलणे किंवा हात-पाय अडखळत असतील, किंवा ओठ, जीभ अथवा चेहरा एकाएकी सुजला असेल, तर सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. तुम्ही यांपैकी काहीच लिहिलेले नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगून ठेवते.

आता तुमच्या घोट्यांकडे येते. तुमच्या पत्रातील तारखा एकाखाली एक मांडल्या तर गोष्ट स्पष्ट दिसते. जानेवारीत एम्लोडिपिनचे प्रमाण दुप्पट झाले, फेब्रुवारीत सूज आली, सुजेसाठी लघवीची गोळी आली, त्या गोळीमुळे रात्रीचे उठणे आणि गोळे आले, त्यातून चक्कर आली, चक्कर आली म्हणून सगळ्याच गोळ्या बंद झाल्या आणि आता त्यांच्या जागी चूर्ण यायच्या बेतात आहे. पहिल्या औषधाचा परिणाम हा नवा आजार समजला गेला आणि त्यावर दुसरे औषध दिले गेले. कॉलनीतल्या डॉक्टरांना मी फार दोष देणार नाही. त्यांच्यासमोर सुजलेले पाय आले, जानेवारीचा कागद आला नाही. तरीही, "सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत आणि हल्ली कोणती बदलली" हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

एम्लोडिपिनने येणारी सूज ही हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्याची सूज नसते, आणि शरीरात पाणी जास्त झाल्याचीही नसते. ही गोळी लहान रोहिण्या सैल करते, म्हणूनच दाब उतरतो. पण रक्त परत नेणाऱ्या नीला तेवढ्या सैल होत नाहीत. नळ मोठा सोडावा आणि मोरीचे भोक मात्र तेवढेच राहावे, तसे होते. पाणी मोरीत तुंबते, तसा रक्तातला द्रव केशवाहिन्यांतून बाहेर पाझरून घोट्यांभोवती साचतो. दिवसभर पाय खाली असतात म्हणून संध्याकाळी सूज जास्त दिसते आणि सकाळी उठल्यावर कमी वाटते. आता या तुंबलेल्या मोरीवर उपाय म्हणून कोणी गच्चीवरच्या टाकीतले पाणी उपसू लागले तर काय होईल? मोरी तशीच राहील आणि टाकी रिकामी होईल. टॉरसेमाइडने तुमच्या बाबतीत नेमके हेच केले. सूज हलली नाही आणि अंगातले पाणी कमी होऊन उभे राहिल्यावर चक्कर आली.

ही सूज ५ मिलिग्रॅमपेक्षा १० ला पुष्कळ अधिक दिसते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसते. उलट ५ ची १० केल्याने रक्तदाबात जी आणखी घट मिळते, ती पहिल्या ५ ने दिलेल्या घटीपेक्षा थोडी असते. म्हणून कित्येकदा एकच गोळी दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या गोळ्या थोड्या प्रमाणात दिलेल्या सोसतात. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधे नीलाही थोड्या सैल करतात, म्हणजे मोरीचे भोक जरा मोठे करतात, आणि त्यामुळे एम्लोडिपिनची सूज काही अंशी उतरते. तुमचे डॉक्टर एम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून टेल्मिसार्टन ८० करण्याचा विचार करू शकतील, किंवा एम्लोडिपिनऐवजी सिलनिडिपिन देऊ शकतील, जिने सूज तुलनेने कमी येते. रक्तदाबासाठीच तिसरी गोळी हवी असेल, तर क्लोरथॅलिडोनसारखी सौम्य लघवीची गोळी अगदी थोड्या प्रमाणात सकाळी देता येते. यांतले काय तुम्हाला लागू पडेल हे रक्ताचे आकडे पाहिल्याशिवाय मी इथून सांगू शकत नाही. एवढे मात्र नक्की की रस्ते एकाहून अधिक आहेत, आणि गोळी कमी केली किंवा बदलली की ही सूज साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरू लागते.

हे मी केवळ पुस्तकातले सांगत नाही. मीही आठ वर्षे एम्लोडिपिन घेते आहे. माझी गोळी वाढवली त्या उन्हाळ्यात घरी येऊन मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ उमटलेला असे आणि रात्री नऊपर्यंत तो जात नसे. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून दहापर्यंत मोजले आणि उचलला, की पुऱ्यांच्या मळलेल्या कणकेत बोट रुतवल्यासारखा खळगा राही. सारी हयात रुग्णांच्या नडग्या दाबून पाहण्यात गेलेली असूनही दोन महिने मी स्वतःला "वय झाले, उभे राहणे फार होते" असेच सांगत राहिले. तेव्हा तुमच्या संकोचावर बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. तुम्ही मात्र आजच रात्री हा अंगठा लावून पाहा, खळगा किती वेळ राहतो ते लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. दुपारी तासभर पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून पडलात तर थोडा आराम वाटेल. घट्ट पायमोजे सुचवणारे सुचवतात, पण मे महिन्यात इंदुरात ते घालून दाखवणारी बाई मला अजून भेटायची आहे.

आता तुमच्या त्या तीन दिवसांच्या १२८/७८ विषयी. याच आकड्याने तुम्हाला फसवले आहे. एम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. तिचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. शेवटची गोळी घेतल्यानंतर आठवडाभर तिचा थोडाफार अंमल उरतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी तुमच्या यंत्राने जे १२८ दाखवले, त्यात त्याच गोळ्यांचा मोठा वाटा होता ज्यांची गरज नाही असे तुम्ही ठरवत होतात. शिवाय लघवीच्या गोळीने पाणी कमी झालेले होतेच. आणखी आठ-दहा दिवस तशाच राहिल्या असतात तर दाब हळूहळू वर चढला असता, आणि चढताना तो काही सांगून चढत नाही. मुलगा रागावला ते एका परीने बरेच झाले. हेच जर तुम्हाला मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल किंवा क्लोनिडिन यांपैकी काही चालू असते आणि तुम्ही ते एका दिवसात बंद केले असते, तर दाब किंवा नाडी उसळी मारून वर गेली असती. ही औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायरी-पायरीनेच उतरवावी लागतात.

चक्कर आली तेव्हा बीपी मोजले होते काय, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा बसूनच मोजत असाल. तुमच्यासाठी उभे राहून घेतलेला आकडा जास्त मोलाचा आहे. पाच मिनिटे आडवे पडून किंवा शांत बसून एकदा मोजा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी घरातले कोणी जवळ असावे आणि मागे खुर्ची असावी. वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरत असेल, तर उभे राहताना दाब पडतो असे समजतात, आणि डॉक्टरांना हे कळले की गोळ्यांचा हिशेब बदलतो. तोपर्यंत रात्री उठायचे झाल्यास आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिटभर बसा, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळा-सोडा, मग उभ्या राहा आणि न्हाणीघरापर्यंतचा दिवा रात्रभर जळू द्या. या वयात रक्तदाबापेक्षा खुब्याचे हाड मोडणे अधिक लवकर अंथरुणाला खिळवते.

रोजची मोजणीही जरा शिस्तीने करा. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवून मोजा. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधू नका, आणि त्याआधी अर्धा तास चहा नको. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर ती वाढलेली धरतात. दवाखान्यातल्या १४०/९० चे ते घरचे रूप आहे. गोळी रात्री घ्यावी की सकाळी, यावरून मैत्रिणींत वाद होतात असे मी ऐकते. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. लघवीच्या गोळ्या सोडल्या तर जी वेळ विसरली जात नाही ती वेळ चांगली.

जाऊबाईंच्या चूर्णात काय आहे हे तुम्ही लिहिले नाही, आणि डबीवरही बहुधा लिहिलेले नसेल. मला आयुर्वेदाचा अनादर नाही. रक्तदाब उतरवणारी सर्पगंधा ही आपल्याकडचीच वनस्पती, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरचा लेख छापला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. तिच्यातून निघालेले रेझर्पिन पुढे जगभर वापरले गेले आणि मागेही पडले, कारण त्याने नाक चोंदते, सुस्ती येते आणि काहींचे मन खोल उदास होते. म्हणजे औषध मुळीतून आले म्हणून त्याला दुष्परिणाम नाहीत, हे म्हणणे खुद्द सर्पगंधेनेच खोटे ठरवले आहे. तुमच्या चूर्णात ती असेल तर चालू गोळ्यांवर तिची भर पडून दाब आणखी उतरेल. ज्येष्ठमध असेल तर उलटेच. रोज घेतलेला ज्येष्ठमध अंगात मीठ धरतो, पोटॅशियम उतरवतो आणि रक्तदाब वाढवतो. डबी पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर उघडू नका.

मिठाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी इंदुरात राहून तो विषय टाळणे जमणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाजी-आमटीतले, लोणच्यातले, पापडातले सगळे आले. पोह्यांवर मूठभर शेव आणि तिच्यावर जीरावन मसाला भुरभुरल्याशिवाय आपली सकाळ होत नाही, आणि जेवणातही शेव असतेच. पोहे सोडा असे मी म्हणणार नाही, पण शेव वेगळ्या वाटीत घेऊन बघा. वरून भुरभुरताना हात किती सैल होता ते लक्षात येईल. सैंधव घेते म्हणून चालते, असे मानू नका. तेही बव्हंशी सोडियम क्लोराइडच आहे. बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच चढण्याकडे झुकलेले असते, म्हणून तपासणीचा कागद हाती येण्याआधी ते घरात आणू नका.

राहता राहिला तुमचा संकोच. तुम्ही शिक्षिका होतात. "बाई, समजले नाही" असे म्हणणाऱ्या मुलावर तुम्ही रागावत होतात काय? डॉक्टरांसमोर दहा मिनिटे मिळतात आणि त्यातली पाच पदर सावरण्यात जातात, हे खरे आहे. म्हणून बोलायचे ते कागदावर न्या. डाव्या बाजूला तारीख, मध्ये कोणती गोळी सुरू झाली किंवा बदलली, उजवीकडे काय त्रास झाला, असे तीन रकाने काढा. जानेवारीपासून आजपर्यंत ते अर्ध्या पानात मावतील. गोळ्या स्ट्रिपसकट पिशवीत न्या, त्यात कॉलनीतल्या दवाखान्याची चिठ्ठीही असू द्या. मध्ये तीन दिवस गोळ्या बंद केल्या होत्या हे लपवू नका. ते ठाऊक नसेल तर डॉक्टर त्या दिवसांतले आकडे पाहून चुकीचा निष्कर्ष काढतील. आणि "पाय सुजतात" एवढेच न म्हणता "एम्लोडिपिन १० केल्यावर पाच-सहा आठवड्यांनी सुजू लागले" असे म्हणा. या एका वाक्याने त्यांचे निम्मे काम होते.

घरात रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन महिनोन्‌महिने कोरड्या खोकल्याचे सिरप पिणारे कोणी असेल, तर त्यांनाही हाच कागद करायला सांगा. तो खोकला पुष्कळदा गोळीचाच असतो, छातीचा नसतो, आणि गोळी बदलल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, थांबतो.

रक्ताचे तीन आकडे आणि उभे राहून घेतलेले बीपी आले की मला कळवा. सॅण्डल इतक्यात घेऊ नका. जूनच्या अखेरीस ती पायातून निसटू लागेल अशी मला दाट शंका आहे.